घाण्याच्या तेलाची लॅबमध्ये तपासणी – नक्की काय तपासून घ्यावं?

रानजाई
आमच्या सोसायटीतली काही घरं मिळून लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल मागवतो. घाणेवाले ओळखीचे, माणूस सरळ. भाव अर्थातच रिफाइंडपेक्षा बराच जास्त. गेल्या महिन्यात ग्रुपवर एकाने पिल्लू सोडलं, "केमिकल-फ्री आहे हे कशावरून?" झालं, दोन तट पडले. शेवटी मी एका लॅबला फोन लावला. पलीकडच्या मुलीने पहिलाच प्रश्न टाकला, "मॅडम, पॅरामीटर्स कोणते करायचे?" मी म्हटलं, सगळेच करा. तिने कोटेशन पाठवलं. ते ग्रुपवर टाकल्यावर दोन्ही तट गप्प झाले.
तर जाणकारांना विचारायचंय. शेंगदाणा तेलात खरोखर भीती बाळगावी असं काय असतं? त्यातलं लॅबमध्ये काय तपासावं, घरी काय कळतं? आणि रिपोर्ट आला तर तो वाचायचा कसा?

खादाडखाऊ
धाग्यावर जागा धरून बसतोय. सोबत भजी.

आप्पा_कराडकर
आमच्या आजोबांनी जन्मभर घाण्याचं तेल खाल्लं, नव्वदीपर्यंत शेतात जायचे. कुठली लॅब आणि कुठले पॅरामीटर. तेल कागदावर टाका, वास घ्या, कळतं.

टवाळभैरव
आप्पा, जे नव्वदीपर्यंत पोचले नाहीत त्यांची नातवंडं फोरमवर किस्से लिहीत नाहीत हो.

निशिगंध
घरच्या चाचण्यांसाठी एफएसएसएआयची (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) 'डार्ट' नावाची पुस्तिका नेटवर आहे. त्यात खोबरेल फ्रीजमध्ये ठेवायचं असतं: खोबरेल गोठतं, दुसरं तेल मिसळलं असेल तर त्याचा थर वेगळा राहतो. दुसरी चाचणी अशी की दोन मिली तेलात पिवळं लोणी टाकायचं, लगेच लाल रंग आला तर ट्रायऑर्थोक्रेसिल फॉस्फेट या विषारी रसायनाची भेसळ. मी केली. लाल झालं नाही, पण लोणी वाया गेलं म्हणून सासूबाई झाल्या.

ब्युरेट
तेलाच्या प्रयोगशाळेत नोकरी गेली, आता निवृत्त. जरा सविस्तर लिहितो.
रानजाईताई, भेसळ आणि दूषितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ग्रुपवर त्यांची सरमिसळ झालेली दिसते. भेसळ म्हणजे शेंगदाण्यात पामोलिन किंवा सरकीचं तेल घालणं. त्यात खिसा कापला जातो, जीव सहसा जात नाही. दूषितता म्हणजे नको तो पदार्थ अगदी सूक्ष्म प्रमाणात आत येणं, मग तो बुरशीचं विष असो, कीटकनाशक असो, नाहीतर यंत्राचं वंगण. दोन्हींच्या चाचण्या वेगळ्या, खर्च वेगळा.
भेसळीसाठी आमच्या वेळी बेलिअर टेस्ट होती. तेलाचा अल्कोहोलिक पोटॅशने साबण करायचा, ॲसेटिक ॲसिड टाकायचं, सत्तर टक्के अल्कोहोल घालायचं आणि फ्लास्कमध्ये थर्मामीटर ठेवून हळूहळू थंड होऊ द्यायचं. थर्मामीटरने ढवळत नजर रोखून बसायचं. एका क्षणी द्रावणात धुरकट पडदा येतो. तो जिथे पहिल्यांदा दिसतो ते तापमान टिपायचं. शुद्ध शेंगदाणा तेलाला नियमाप्रमाणे ते ३९ ते ४१ अंशांच्या दरम्यान यायला हवं. शेंगदाण्यात ॲराकिडिक, बेहेनिक, लिग्नोसेरिक अशी लांब साखळीची आम्लं असतात, ती आधी साकळतात म्हणून हा पडदा. नवीन पोरं गॅस क्रोमॅटोग्राफवर फॅटी ॲसिडचा आलेख काढतात. त्यात पामोलिन लगेच पकडलं जातं, कारण पामिटिक आम्ल शेंगदाण्यात दहा टक्क्यांच्या आसपास आणि पामोलिनमध्ये चाळीसच्या घरात.
तुमच्या ग्रुपला 'केमिकल' म्हणजे बहुधा हेक्झेन हे द्रावक म्हणायचं असावं. ते घाण्याच्या तेलात येईलच कशाला? हेक्झेन लागतं पेंडीतलं उरलेलं तेल काढायला. तसं तेल रिफाइन केल्यावर त्यात ५ पीपीएमपर्यंत (किलोला ५ मिलीग्रॅम) हेक्झेन राहिलेलं नियमाला चालतं. घाण्यात ते नसतं, मग त्याच्या चाचणीवर पैसे घालवायचं कारण नाही.
घाण्याच्या तेलात विचारायची गोष्ट एकच: अफ्लाटॉक्सिन.

रानजाई
ब्युरेटकाका, धन्यवाद! कोटेशनमध्ये सर्वांत वर हेक्झेनच होतं. मीच सांगितलं होतं म्हणा.

खादाडखाऊ
अफ्ला… कोण?

डॉ_मावशी
शेंगदाण्यावर, मक्यावर ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी वाढते, तिचं विष. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी पटापट मेले. शोध घेतला तर खाद्यात ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड निघाली. तिथून हे विष माहीत झालं. आणि हे फक्त पक्ष्यांचं दुखणं नाही. १९७४ मध्ये गुजरातचं पंचमहाल आणि राजस्थानचं बांसवाडा या आदिवासी पट्ट्यात बुरशी लागलेला मका खाऊन कावीळ पसरली, शंभरावर माणसं गेली. त्या वर्षी पावसाने मका कणसातच भिजला होता आणि घरात दुसरं धान्य नव्हतं.
ते झालं एकदम मोठ्या डोसचं. थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो, त्यात हिपॅटायटिस बी असेल तर आणखीच. फोडणीच्या तापमानाला ते विष मोडत नाही.

आप्पा_कराडकर
म्हणजे घाण्याचं तेल विषारी आणि कंपनीचं अमृत? वा रे वा. पैसे किती मिळतात कंपनीकडून?

ब्युरेट
आप्पा, मिळाले असते तर या वयात इथे टायपत बसलो नसतो.
रिफायनरीत तेल कॉस्टिकने धुतात, मग ब्लीचिंगच्या मातीतून काढतात. त्यात अफ्लाटॉक्सिन जवळजवळ सगळं जातं, हे खरं आहे. घाण्यातही बरंचसं विष पेंडीत राहतं, तेलात थोडा भाग उतरतो, गाळ नीट बसवला तर अजून कमी होतो. म्हणून खराब दाण्याचं तेल खाणाऱ्यापेक्षा त्याची पेंड खाणारी म्हैस जास्त धोक्यात. तिच्या दुधात ते एम-१ या रूपाने उतरतं, त्यासाठी दुधाला वेगळी मर्यादा आहे: किलोला अर्धा मायक्रोग्रॅम.
आता दुसरी बाजू. तेलाचा वास काढताना रिफायनरीत दोनशे अंशांच्या वर वाफ मारतात. त्या तापमानाला ३-एमसीपीडी आणि ग्लायसिडिल एस्टर ही घातक संयुगं तयार होतात, पामतेलात सर्वांत जास्त. युरोपने त्यांना मर्यादा घातल्या आहेत. घाण्याच्या तेलात ती भानगड नाही. थोडक्यात, दोन्ही बाजूंना आपापलं पाप आहे.

हॅम्बुर्गकर_सून
इथे जर्मनीत शेंगदाण्याला माणसाच्या थेट खाण्यासाठी अफ्लाटॉक्सिनची मर्यादा आहे किलोला ४ मायक्रोग्रॅम, त्यातला बी-१ हा प्रकार दोनच्या वर नको. भारतातून येणाऱ्या शेंगदाण्यासोबत तपासणीचा दाखला लागतो, शिवाय बंदरावर परत नमुने काढतात. भारतात मर्यादा लगेच खायच्या दाण्याला १० आणि पुढे प्रक्रिया करायच्या दाण्याला १५ आहे ना? आईकडून येताना बॅगेत दाण्याचं कूट आणायचे, हल्ली हात जरा आखडतो.
अवांतर: सप्टेंबर २०२० मध्ये भारतातून आलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड सापडलं. त्यानंतर कित्येक महिने इथल्या दुकानांतून पाव, बिस्किटं, मुसलीची पाकिटं परत मागवत होते. एका तिळापायी! तिळातल्या साल्मोनेला जंतूंवर उपाय म्हणून तो वायू वापरला होता. आधी तीळ जंतूंमुळे नाकारले, मग जंतू मारले म्हणून नाकारले.

टवाळभैरव
तीळगूळ घ्या, गॅसगॅस बोला.

मोदकप्रिय
भैरवा 😄
पण मसाल्यांचं तेच झालं ना? एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग-सिंगापूरने आपल्या दोन बड्या कंपन्यांच्या मसाल्यांवर इथिलीन ऑक्साइडवरूनच कारवाई केली होती.

लाकडीघाणा_बार्शी
नमस्कार. मी घाणेवाला आहे, त्यामुळे इथे बोलणं भाग आहे.
ब्युरेटसाहेब म्हणतात ते मान्य, पण सगळा दोष घाण्यावर नको. घाणा फक्त पिळतो. बुरशी लागते शेतात आणि पोत्यात. शेंग काढायच्या वेळी परतीचा पाऊस आला, वेल उपटून ढिगाने लावले, आतून वाफ धरली, की झालं. माल घेताना मी मूठभर दाणे तळहातावर चोळतो. सालीखाली काळसर-हिरवट डाग, सुरकुतलेला हलका दाणा, मोड फुटायच्या टोकाला भुरी दिसली तर पोतं परत. दाणा दाताखाली कडक 'टक्' तुटला पाहिजे, दबला तर ओल आहे. त्यानंतर चार बाया बसून निवडतात. निवडून निघालेला माल स्वस्तात मागायला लोक दारात उभे असतात. तो कुठे जातो ते विचारू नका. कुठल्या तरी घाण्यातच जातो.
आता हिशेब. एक लिटर तेलाला अडीच किलोच्या आसपास दाणा लागतो. दाणा १२० रुपयांनी धरला तरी ३०० रुपये दाण्यातच गेले. पेंडीचे थोडे परत येतात, त्यातून बाया, वीज, बाटली. कोणी २०० रुपयांना लिटर 'शुद्ध लाकडी घाणा' देत असेल तर लॅबला पैसे घालू नका, त्याला फक्त विचारा की दाणे काय भावाने घेतोस.

रानजाई
दादा, हा हिशेब ग्रुपवर टाकला. आमच्या तेलाचा भाव यात बसतो, तेवढं हायसं वाटलं.

निशिगंध
नोटा तपासायचा यूव्ही दिवा असतो ना, त्याखाली अफ्लाटॉक्सिन चमकतं असं वाचलं. बी म्हणजे ब्लू, जी म्हणजे ग्रीन. घरी करता येईल?

ब्युरेट
नावं त्यावरूनच पडली, बरोबर. पण दिव्याखाली तुमची खिचडीही चमकेल आणि शर्टाची कॉलर तर नक्कीच. मक्याच्या व्यापारात संशयित माल बाजूला काढायला दिवा वापरतात. घरी तेलावर मारून निष्कर्ष काढू नका. लॅबमध्ये आधी ॲन्टिबॉडीच्या छोट्या कॉलममधून फक्त अफ्लाटॉक्सिन वेगळं काढतात, मग एचपीएलसी नावाच्या यंत्रावर त्याची चमक मोजतात. आपण एक टन मालात काही मिलीग्रॅम शोधतोय, हे लक्षात असू द्या.

सदाशिवपेठी_काकू
आमच्याकडे तेलाच्या बरण्या उन्हात ठेवायची पद्धत होती. त्याने काही होत असेल का?

ब्युरेट
होतं, काकू. काचेच्या बरणीतल्या तेलावर कडक ऊन पडलं की अफ्लाटॉक्सिन मोडतं, म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्न संशोधन संस्थेत यावर जुनं काम झालेलं आहे. पण त्याच उन्हात तेल खवटही होतं. तेव्हा घरी उपाय म्हणून सुचवणार नाही.

आप्पा_कराडकर
बघा! म्हाताऱ्यांना अक्कल होती.

टवाळभैरव
आप्पा +१. एवढ्यावर धागा वाचनमात्र करा, अशी विनंती.

दिल्लीकर_देशपांडे
दिल्लीत राहून १९९८ विसरता येत नाही. त्या ऑगस्टमध्ये मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याचं तेल निघालं. पाय सुजायचे, दाबलं की खड्डा पडायचा, मग दम लागायचा. हजारो आजारी, साठाच्या वर मृत्यू. आमच्या कॉलनीत लोकांनी डबेच्या डबे गटारात ओतले होते. धोत्र्याचं बी दिसायला मोहरीसारखंच, काटेरी झाड रस्त्याकडेला कुठेही उगवतं. त्याची साधी चाचणी आहे: तेलात तीव्र नायट्रिक ॲसिड टाकून हलवलं की आम्लाच्या थराला तांबूस-तपकिरी रंग येतो. घरी करू नका, हात भाजेल. पण हे सांगायचं कारण वेगळं. चाचणी आधीपासून माहीत होती, पुस्तकात होती. लोक सुजायला लागेपर्यंत ती करायचं कोणाच्या मनात आलं नाही.

ब्युरेट
देशपांडे, मुद्द्याचं बोललात. स्पेनचं याहून वाईट झालं. १९८१ मध्ये माद्रिदच्या आसपास माणसं फुप्फुसाच्या विचित्र आजाराने दाखल होऊ लागली. आधी न्यूमोनियाची साथ वाटली. एका बालरोगतज्ज्ञाच्या चमूला धागा सापडला: दारोदार, बिनलेबलच्या पाच लिटरच्या कॅनमधून विकलं जाणारं स्वस्त तेल. ते होतं कारखान्यासाठी आणलेलं रेपसीड तेल, खाण्यात जाऊ नये म्हणून मुद्दाम ॲनिलिन मिसळलेलं. व्यापाऱ्यांनी ते शुद्ध करायचा प्रयत्न करून खायचं म्हणून विकलं. वीस हजारांच्या आसपास लोक बाधित झाले, शेकडो गेले. त्यातला नेमका कोणता रेणू मारक होता ते आजवर पक्कं ठरलेलं नाही. एवढी यंत्रं असून! लॅब तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते, न विचारलेल्याचं देत नाही.
त्याआधी १९५९ मध्ये मोरोक्कोत मेकनेसला विमानाच्या इंजिनाचं वंगण स्वयंपाकाच्या तेलात मिसळून विकलं. दहा हजारांच्या आसपास लोकांचे हातपाय लुळे पडले. त्या वंगणात निशिगंधताईंच्या लोणी-चाचणीतलं तेच ट्रायऑर्थोक्रेसिल फॉस्फेट होतं.

निशिगंध
अरे देवा. मी लोण्यावरून हसत होते.

खादाडखाऊ
भजी संपली. म्हणजे, टाकून दिली.

वडापाव_वीर
टाकू नकोस रे, तुझं तेल किती वेळा तळलेलं आहे ते महत्त्वाचं. १ जुलै २०१८ पासून नियम आहे: तेलातली टोटल पोलर कंपाउंड्स (तळून तळून तेल बिघडलं की वाढणारे घटक) २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरायचं नाही. छोटं मीटर मिळतं, कांडी गरम तेलात बुडवली की आकडा येतो. आमच्या हॉटेलात आहे. गंमत म्हणजे रंगावरून अंदाज चुकतो. बेसनाचा चुरा जळून काळं झालेलं तेल कधी कधी आकड्यात पास होतं, आणि सोनेरी दिसणारं नापास. वापरलेलं तेल बायोडिझेलवाले विकत घेऊन जातात, ते ओतून द्यायची गरज नाही. रोज त्यातच नवीन तेल ओतत राहणाऱ्या गाड्यांचं काय, ते विचारू नका.

मोदकप्रिय
सगळे 'विचारू नका' म्हणताहेत. मग विचारायचं काय?

निवृत्त_निरीक्षक
हे विचारा. अन्न सुरक्षा कायदा २००६, कलम ४०. साधा ग्राहकसुद्धा फी भरून सरकारी अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो. अहवाल नापास आला तर फी परत. अट एकच: खरेदी करतानाच विक्रेत्याला सांगावं लागतं की हे मी तपासायला देणार आहे.

टवाळभैरव
म्हणजे चोराला आधी चिठ्ठी पाठवायची.

निवृत्त_निरीक्षक
हसा, पण त्यामागे कारण आहे. उद्या कोणीही घरचं तेल बाटलीत भरून आणेल आणि अमक्याच्या दुकानाचं आहे म्हणेल. आम्ही नमुना काढायचो तेव्हा त्याचे चार भाग करून सील करायचो, विक्रेत्यासमोर. एक विश्लेषकाकडे, दोन वरिष्ठांकडे राखीव, आणि विक्रेत्याने मागणी केली तर चौथा मान्यताप्राप्त लॅबकडे. कोर्टात केस पडायची ती बहुतेक वेळा तेलाने नव्हे, सीलने.
खाजगी लॅबचा रिपोर्ट तुमच्या माहितीसाठी ठीक, खटल्यासाठी नाही. आणि दुकानात फ्रेम करून लावलेले रिपोर्ट जवळ जाऊन वाचत जा. खाली बारीक अक्षरात असतं, "निकाल फक्त आमच्याकडे सादर केलेल्या नमुन्यापुरते." नमुना सादर कोणी केला? मालकाने. कोणत्या घाण्याचा? त्यालाच ठाऊक. तारीख बघा, बॅच नंबर बघा. एका ठिकाणी तर रिपोर्ट करडई तेलाचा आणि विक्री शेंगदाण्याची होती.

लाकडीघाणा_बार्शी
निरीक्षकसाहेबांचं बरोबर आहे. पण आमचीही अडचण ऐका. प्रत्येक पोत्याचा दाणा वेगळा. पोतं बदललं की रिपोर्ट जुना झाला. दर वेळी अफ्लाटॉक्सिन करत बसलो तर तेल ६०० रुपयांना विकावं लागेल, ते घेणार कोण? मी हंगामात नव्या मालाला एकदा आणि पावसाळा संपल्यावर साठवलेल्या मालाला एकदा करतो.

हॅम्बुर्गकर_सून
दादा, पोतं तागाचं असतं ना? इथे खनिज तेलाच्या अंशांवर बरीच चर्चा चालते. ताग मऊ करायला कारखान्यात खनिज तेल मारतात, ते पोत्यातून दाण्यात उतरतं. अन्नासाठीची तागाची पोती वनस्पती तेलावर केलेली मिळतात. ग्राहकांपैकी कोणी हा प्रश्न विचारत नसेल.

लाकडीघाणा_बार्शी
ताई, खरंच कोणी विचारलेलं नाही. पोत्याला रॉकेलसारखा वास येतो तो त्याचाच असणार. आडत्याला विचारतो.

रानजाई
खूप शिकायला मिळालं. तर मग मी हेक्झेन काढून टाकते आणि अफ्लाटॉक्सिन ठेवते. फॅटी ॲसिड प्रोफाइल भेसळीसाठी. ॲसिड व्हॅल्यू घेऊ का? कीटकनाशकं?

ब्युरेट
ॲसिड व्हॅल्यू, म्हणजे तेलातल्या सुट्या आम्लांचं माप, घ्या, स्वस्त आहे. दाणा भिजलेला-जुना असेल तर ती चढते, म्हणजे बुरशीचाही आडून अंदाज येतो. कायद्याची मर्यादा ६ आहे, पण चांगल्या ताज्या दाण्याच्या तेलाची त्याच्या खूप खाली यायला हवी. कीटकनाशकांचं मल्टि-रेसिड्यू पॅकेज (एकदम अनेकांचे अंश शोधणारं) महाग आहे, पहिल्या फेरीत सोडा.
लॅबला दोन गोष्टी विचारा. एक, ही चाचणी त्यांच्या एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यतेच्या व्याप्तीत येते का. लॅब मान्यताप्राप्त असते, म्हणून प्रत्येक चाचणी असतेच असं नाही. दुसरं, अफ्लाटॉक्सिनचं एलओक्यू किती, म्हणजे त्यांचं यंत्र कमीत कमी किती मोजून सांगू शकतं. रिपोर्टवर 'बीएलक्यू', म्हणजे एलओक्यूच्या खाली, आलं की लोक शून्य समजून पेढे वाटतात. एलओक्यू किलोला १० मायक्रोग्रॅम असेल तर ९ सुद्धा बीएलक्यूच. तुम्हाला ते १ किंवा त्याखाली हवं.

मोदकप्रिय
नमुना तेलाचा द्यावा की दाण्याचा?

ब्युरेट
तेलाचा. दाण्यात हे विष फार विषम पसरलेलं असतं. हजारो दाणे स्वच्छ आणि एकच सडका दाणा विषाने भरलेला. पाव किलो दाणे दिले आणि तो दाणा त्यात आला नाही तर रिपोर्ट देखणा येईल. तेलात निदान अख्खा घाणा एकजीव झालेला असतो. मात्र डबा आधी नीट हलवा, वरचं निथळ तेवढंच ओतून देऊ नका. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत नेऊ नका. काळपट काचेची बाटली, कोरडी, काठोकाठ भरलेली. अर्धा लिटर पुरेल. त्याच डब्यातली दुसरी बाटली सील करून तारखेसकट घरात अंधारात ठेवा.

सदाशिवपेठी_काकू
औषधाची जुनी बाटली चालेल का? आमच्याकडे कफ सिरपच्या आहेत, धुवून ठेवलेल्या.

ब्युरेट
नको, काकू. नाहीतर रिपोर्टमध्ये तेलाचा खोकला बरा झालेला दिसेल.

रानजाई
ग्रुपवर विचारलं. वर्गणीला नऊ घरं तयार आहेत, दोघांचं म्हणणं रिपोर्ट आल्यावर बघू. घाणेवाल्यांनाही सांगितलं, ते म्हणाले माझ्यासमोर बाटली भरा आणि एक मलाही द्या. रविवारी नवीन डबा फुटेल तेव्हा भरते.

आप्पा_कराडकर
रिपोर्ट आला की इथे टाका. आणि त्या घाणेवाल्याचा नंबर व्यनि करा.

खादाडखाऊ
आता तुपाचा धागा कोण काढतंय?